निघण्याआधी पोचणारं विमान आणि आमची खर्ड्याची फेरी

खर्ड्याचा किल्ला बघायला कसं जायचं, असं काही वाचकांनी विचारलंय. सांगतो. पण मी तिथं पहिल्यांदा गेलो तो किल्ल्यासाठी नव्हे. लॉस एंजेलिसला जाणारं एक विमान खोटं बोलतंय असा माझ्या वडिलांना संशय आला, म्हणून गेलो. गोष्ट नव्वदच्या दशकातली, दिवाळी उलटून गेल्यावरची.

वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते श्रीगोंद्याच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे लोकांच्या भाषेत टाइमकीपर. गाडी किती वाजता आली, किती वाजता सुटली, याची नोंद करण्यात त्यांचा जन्म गेला. दौंडला आरामात जेवून ‘फाटकावर अडकलो हुतो’ असं सांगणारा ड्रायव्हर त्यांनी कितीदा पकडला असेल त्याला गणती नाही. वेळ खोटी निघाली की माणूस खोटा निघतो, हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान. दूधवाल्याच्या मापावर, किराणावाल्याच्या काट्यावर, एवढंच काय रेडिओवरच्या टोल्यांवरही त्यांना संशय असायचा. बातम्या लागल्या की ते आधी स्वतःचं घड्याळ बघायचे आणि ‘आज रेडिओ पुढं हाय’ म्हणायचे.

अशा घरात पुण्याच्या आत्याने सुजाताताईसाठी स्थळ आणलं. मुलगा मिलिंद, मूळचा खर्ड्याचा, आपल्याच समाजातला, इंजिनियर, नोकरी लॉस एंजेलिसला. डिसेंबरात दोन आठवड्यांच्या रजेवर येणार, पसंती झाली तर त्याच रजेत लग्न, मग व्हिसाचं काम. आठ दिवसांत होकार कळवा, म्हणजे त्याला तिकीट काढता येईल, असा आत्याचा निरोप होता. सोबत मुलाचं पत्र. अक्षर चांगलं, भाषा सरळ. रजा किती अपुरी आहे हे समजावं म्हणून त्याने परतीचा प्रवासही लिहिला होता. मुंबईहून हाँगकाँग, तिथून टोकियो, आणि पुढे: ‘टोकियोहून रविवारी संध्याकाळी पाचला विमान सुटतं आणि लॉस एंजेलिसला रविवारी सकाळी दहाला पोचतं. त्यामुळे सोमवारी कामावर हजर होता येईल.’

दादांनी ते वाक्य दोनदा वाचलं. ताई शेजारीच बसून तिच्या सहावीच्या वर्गाच्या घटक चाचणीचे पेपर तपासत होती. दादांनी तिच्या हातातला लाल पेन घेतला आणि पाच आणि दहा या दोन आकड्यांभोवती गोल काढले.

‘पाचला सुटली गाडी आन त्याच दिवशी सकाळी धाला पोचली. निघायच्या आधी सात तास पोचलं ह्ये पोरगं.’

मी म्हणालो, ‘दादा, तिकडची वेळ वेगळी असते. आपल्याकडं दिवस तेव्हा त्यांच्याकडं रात्र.’

‘आसंल. वेळ मागं-पुढं आसंल तासा-दोन तासांनी. पर निघायच्या आधी पोचतं का कुनी? तुझं बी.कॉम. काय म्हनतंय?’

माझं बी.कॉम. काहीच म्हणेना. खरं तर मलाही ते पटत नव्हतं. वेळेतला फरक मला ऐकून ठाऊक होता, पण वजाबाकी करायला बसलो की प्रवासाचे तास शून्याखाली जात होते. त्यात आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं असंच झालेलं. परदेशातला नवरा, लग्न थाटात, आणि नंतर त्याचा पत्ता म्हणून दिलेल्या घरात भलतीच माणसं. ती मुलगी परत आली ती मान खाली घालूनच. दादांना तीच डोळ्यांसमोर दिसत होती. ताई आमच्या घरातली पहिली पगार आणणारी मुलगी. तिला कुणा लबाडाच्या हाती देऊन समुद्रापार पाठवायचं, या विचाराने त्यांचं जेवण कमी झालं होतं.

ताईने पत्र घेतलं, वाचलं, घडी घालून परत दिलं. म्हणाली, ‘खर्ड्याला जाऊन चौकशी करूनच या, दादा. मग काय ते ठरवू.’ आणि पुन्हा पेपरांकडे वळली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली की आत्या दुखावेल. दादा म्हणाले, दुखावू दे.

मी तेव्हा साखर कारखान्याच्या ऑफिसात होतो. दोन दिवसांची रजा टाकली आणि सकाळी सातच्या एसटीने आम्ही आमच्या गावाहून, काष्टीहून निघालो. ताईने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. श्रीगोंद्यावरून नगरपर्यंत दोन-अडीच तास लागायचे, तिकीट माणशी वीसेक रुपये. उसाच्या ट्रॅक्टरांमागे गाडी अडकली की वेळेचा भरवसा नसे. दादांनी खिशातली डायरी काढून प्रत्येक थांब्याची वेळ लिहायला घेतली. कंडक्टर त्यांना ओळखत होता.

‘साहेब, आज तुमी पॅसेंजर हाय ना?’

‘पॅसेंजरला घड्याळ नसतं का?’ दादा म्हणाले.

कंडक्टरने पुढे जाऊन ड्रायव्हरच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानंतर गाडी बरी पळाली.

नगरला माळीवाड्याच्या स्टँडबाहेर मिसळ खाल्ली. तिखट होती, आणि दादांच्या मते पावात लबाडी होती. दुपारच्या जामखेड गाडीला अवकाश होता. मीच सुचवलं की विमानाची तिकिटं काढून देणारं एक ऑफिस मी पाहिलंय, तिथं विचारू. रिक्षाने गेलो. आत काउंटरवर एक मुलगी, तिच्यासमोर टेलिफोन डिरेक्टरीएवढं जाड वेळापत्रक. दादांनी ते पुस्तक बघितलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा उजळला. आपल्या धंद्यातलं माणूस भेटलं असं त्यांना वाटलं असावं.

तिने पानं उलटली. बोट ठेवलं. ‘बरोबर आहे सर. टोकियो पाच, लॉस एंजेलिस दहा. त्याच दिवशी.’

‘मधलं अंतर किती?’

‘पावणेनऊ हजार किलोमीटरच्या आसपास.’

‘आन लागतं किती?’

‘दहा तास धरा.’

‘पाचात धा मिळवले की पहाटंचे तीन हुतात. तेबी सोमवारचे. तुमच्या पुस्तकात रविवारची सकाळ आली कुठनं?’

मुलगी थोडी गोंधळली. ‘सर, तिथली घड्याळं तशी असतात. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या आहेत. तसंच छापलंय.’

‘छापलेलं आमच्याकडंबी आसतं, बाई,’ दादा म्हणाले. ‘भिंतीवर लावलंय मोठं. त्याच्यावर इस्वास ठेवून कुनी स्टँडवर येत न्हाई.’

तिने आम्हाला थंड पाणी दिलं, त्याबद्दल मी अजून तिचा आभारी आहे. बाहेर आल्यावर दादा म्हणाले की पुस्तक आणि पोरगा दोघं एकाच कंपनीला सामील असतील. मी म्हटलं, दादा, पुस्तक जगभराचं आहे. ते म्हणाले, मग लई मोठी टोळी हाय.

नगर ते जामखेड रस्ता तेव्हा वाईट होता. आता जाणार असाल तर निम्म्या त्रासात जाल. चिचोंडीच्या पुढे मुलूख हळूहळू कोरडा होत जातो. ऊस संपतो, ज्वारी लागते, मग बाभळी. मधला कडा-आष्टीचा पट्टा बीड जिल्ह्याचा. जिल्ह्याची पाटी आली तसे दादा सरसावून बसले, डायरीत वेळ लिहिली आणि पुन्हा एकदा पत्र काढलं. प्रवासभर त्यांनी मिलिंदचं चरित्र रचलं. तो इंजिनियर नसून हॉटेलात भांडी घासतो. तो अमेरिकेत नसून मुंबईतच राहतो आणि पत्रं तिकडच्या मित्राकडून टाकून घेतो. तिकडं त्याची बायको आहे, शिवाय दोन मुलं. आष्टीपर्यंत मुलं तीन झाली होती. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. कारण त्यांचं एखादं तरी खरं निघालं तर?

जामखेडला संध्याकाळ झाली. स्टँडजवळ एक लॉज मिळालं, खोली स्वच्छ, चादरीबद्दल न बोललेलं बरं. वहीत येण्याचं कारण लिहायचं होतं. दादांनी लिहिलं, ‘सरकारी काम.’ मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी वही बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने खर्डा. अंतर पंचवीसेक किलोमीटर, तासाच्या आत पोचतो. दादांची योजना पक्की होती. स्थळाची चौकशी कधी उघड करायची नसते. गावकऱ्यांना कळलं की ते मुलाच्या बाजूने गोड बोलतात, किंवा भाऊबंदकी असेल तर मुद्दाम वाकडं. म्हणून आपण किल्ला बघायला आलोय असं सांगायचं आणि बोलता बोलता विषय काढायचा. स्टँडसमोरच्या हॉटेलात दोन चहा सांगितले.

‘किल्ला कुठशी आला?’ दादांनी विचारलं.

चहावाला कपबशा धूत होता. त्याने आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘ह्यो काय म्होरं. पर किल्ला बघायला मान्सं इस्त्रीची कापडं घालून येत न्हाईत, पाव्हनं. मिलिंदच्या स्थळाचं का?’

दादांचा चहा बशीतच राहिला.

‘त्याच्या आईनं सांगून ठिवलंय,’ चहावाला म्हणाला. ‘पोरीकडचे आले तर आडवू नका म्हनली, इचारू द्या काय इचारायचं ते. पोरगं चांगलं हाय. आता मी चांगलं म्हनल्यालं तुमाला पटनार न्हाई, त्ये बी खरं.’

इतका अंगावर येणारा प्रामाणिकपणा दादांना मानवला नाही. ते हट्टाने आधी किल्ल्यावरच गेले, म्हणजे निदान आपलं बोलणं तरी खरं ठरावं. तर वाचकहो, किल्ला असा: डोंगरावर नाही, सपाटीवर, चौकोनी. तट उंच आणि भक्कम, दरवाजा बघण्यासारखा, आत विहीर आणि बरीच पडझड. आम्ही गेलो तेव्हा गवत कमरेएवढं होतं, म्हणून पायांत बूट हवेत. मराठ्यांची आणि निजामाची मोठी लढाई याच गावाच्या परिसरात झाली. तासाभरात सगळं बघून होतं. दादांनी तटावर उभं राहून गावाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘आईनं आधीच सगळ्यांना पढवून ठिवलंय म्हंजी कायतरी हाय.’

मिलिंदचं घर वस्तीच्या कडेला, विहाराच्या मागे. दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. त्याची आई चुलीपुढे बसली होती. साठीची बाई, हात कामाचे, डोळे धारदार. जयभीम झालं, पाणी झालं. ती म्हणाली, ‘किल्ला बघून झाला का?’

दादांनी मग आडपडदा सोडला. ‘बाई, लपवत न्हाई. तुमच्या पोराचं तिकडं कुनी हाय का?’

‘आसती तर तुमच्या आधी मीच इमानात बसून गेले आसते तिला बघायला.’ तिने भाकरी उलटली. ‘आता मी इचारते. तुमची पोरगी खरंच मास्तरीन हाय ना? का नुसतं सांगायला?’

दादा दुखावले. ताईचा पगार, तिची शाळा, तिची पायपीट, सगळं त्यांनी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण पटल्यासारखा चेहरा केला नाही. मला ती बाई त्या क्षणी आवडली. संशयाच्या बाबतीत दादांना तोडीस तोड माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग दादांनी पत्र पुढे केलं. लाल गोल दाखवले. ‘ह्ये कसं ते सांगा. निघायच्या आधी कसं पोचतं?’

तिला वाचता येत नव्हतं, पण गोल बघून ती हसली. ‘मीबी भांडले हुते त्याच्यासंगं. म्हनलं, आयेला येड्यात काढतो का. तर तो म्हनला, आये, तिकडं समुद्राच्या मधी एक शीव हाय. गावाला आसती तशी. दगड नसतो, काय नसतं, नुसती मानलेली. शीव वलांडली की वार बदलतो. जाताना एक दिवस माघारी मिळतो. येताना एक दिवस तिथंच पडून ऱ्हातो.’

‘मानलेली,’ दादा म्हणाले.

‘मानलेलीच. आपल्या गावच्या शिवंवर तरी कुनी भिंत बांधलीय का? पर हिकडचं पानी हिकडं, तिकडचं तिकडं.’

तिने कोनाड्यातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत मिलिंदच्या मागच्या प्रवासांची वापरलेली तिकिटं, लाल कार्बनच्या अक्षरांची. दादांनी ती एकेक करून उजेडात धरली. वापरलेल्या तिकिटावर त्यांचा विश्वास होता. छापील वेळापत्रक वेगळं आणि फाडलेलं तिकीट वेगळं. तिथंही तेच होतं, पाच आणि दहा. त्यांनी तिकिटं होती त्याच क्रमाने डब्यात परत ठेवली.

जेवायला हुलग्याची शेंगोळी होती आणि बाजरीची भाकरी. अशी शेंगोळी मी नंतर कुठे खाल्ली नाही. जेवताना दादांनी सहज विचारलं, ‘यायला किती येळ लागतो त्याला, सगळं धरून?’

ती म्हणाली, ‘माझा मालक मंगळवारी गेला. गावातनं लगेच फोन केला. पोरगं शुक्करवारी दारात आलं.’ तिने दादांच्या पानात शेंगोळी वाढली. ‘माती थांबवली न्हाई. किती थांबवनार. आला तवा नुसता बसला हितं उंबऱ्यावर. म्हनला, आये, येताना तो एक दिवस शिवंनं खाल्ला. आदुगर तेच इचारायचं तुमी, भाऊ. ते पाचाचं न् धाचं सोडून.’

परतीच्या गाडीत दादांनी मिलिंदचं ते चरित्र सोडून दिलं. तिकडची तीन मुलंही अंतर्धान पावली. त्यांनी डायरीचं कोरं पान काढलं आणि आकडे मांडत बसले. कड्याला मला पान दाखवलं. तारीख-वार सगळे खोडून टाकले होते. नुसते तास होते. लॉस एंजेलिस ते टोकियो, थांबा. टोकियो ते हाँगकाँग, थांबा. हाँगकाँग ते मुंबई. मुंबईहून एसटीने खर्डा. खाली बेरीज: चाळीस तासांच्या वर.

‘शिवंनं काय खाल्लं न्हाई,’ ते म्हणाले. ‘तेवढे तास लागतातच. रनिंग टाइम हाय तो. पोरगं खरं बोललंय आन पुस्तकबी. दोन दिवस मी उगं त्यांच्या मागं लागलो.’ मग खिडकीबाहेर बघत, ‘पोरगं खोटं निघालं आसतं तर बरं झालं आसतं रे.’

नगरला गाडी बदलून काष्टीला पोचेपर्यंत रात्र झाली होती. ताई दारातच होती. दादांनी चपला काढत डेपोतल्यासारखा अहवाल दिला. माणूस खरा, नोकरी खरी, आई लई खंबीर, वेळ बरोबर. समुद्राच्या मधी एक शीव आहे, ती ओलांडली की वार बदलतो.

‘आंतरराष्ट्रीय वाररेषा,’ ताई म्हणाली. ‘आमच्या सहावीच्या भूगोलात आहे.’

आई हातात तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

‘तुला ठावं हुतं?’ दादांनी विचारलं.

‘दर वर्षी शिकवते, दादा.’

‘मग बोलली का न्हाईस? दोन दिवस रस्त्याची धूळ खाल्ली आमी.’

‘बोलले असते तर तुम्ही गेला असतात?’ ताई म्हणाली. ‘आत्या म्हणाली अमेरिका, आई म्हणाली नशीब. सगळ्यांनी मनातून हो म्हणून टाकलं होतं. एकट्या तुम्हाला संशय आला, तोही विमानाचा. मी तो मोडला असता तर खर्ड्याच्या त्या घरात कुणी पाऊलही टाकलं नसतं. मला विमानाचं कळत होतं, दादा. माणसांचं कळत नव्हतं.’

दादा खाली बसले. मला वाटलं चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी डायरी काढून ते पान तिच्यापुढे धरलं आणि मंगळवार-शुक्रवारची गोष्ट सांगितली. काही गाळलं नाही. त्यांची अपेक्षा होती की ती आता नको म्हणेल, आणि ती अपेक्षा त्यांच्या तोंडावर सरळ दिसत होती.

ताईने दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी शाळेला निघताना म्हणाली, ‘चौथ्या दिवशी का होईना, तो आला ना. आजी गेली तेव्हा आपला चुलता कर्जतहून आला नव्हता. एका गाडीचं अंतर. आत्याला होकार कळवा.’

दादांनी आत्याला पत्र टाकलं, पण पोस्टाच्या पेटीत ते खाली पडलं का हे हात घालून बघितलं.

आज जाणार असाल तर खर्डा एका दिवसात होतो. नगरहून लवकर निघा, पाणी सोबत ठेवा, आणि गावात गेल्यावर किल्ला बघायला आलोय असं खरं कारण असेल तरच सांगा. त्या दोन दिवसांतलं माझ्याकडे काय उरलं म्हणाल तर तटावरून दिसलेलं गाव फारसं आठवत नाही. दादांचं ते खिडकीबाहेर बघून बोललेलं वाक्य आठवतं. माणसावर संशय घेणं सोपं असतं, अंतरावर घेता येत नाही, हे मला त्या गाडीत समजलं.

लग्नानंतर दोन वर्षांनी ताई पहिल्यांदा माहेरी आली. महिनाभर राहिली, परत गेली. तोवर आमच्या घरी फोन बसला होता. ती गेल्यापासून दादा डायरी घेऊन फोनजवळच बसून होते. सोमवारी सकाळी घंटी वाजली. पोचले, म्हणाली.

‘किती वाजता उतरलीस?’

‘रविवारी सकाळी दहाला, दादा.’

‘आन टोकियोवरनं कवा सुटलीस?’

‘रविवारी संध्याकाळी पाचला.’

दादांनी दोन्ही वेळा लिहून घेतल्या. एकाखाली एक.

‘म्हंजी धा वाजता तू निघालीच नव्हतीस,’ ते म्हणाले. ‘बरं झालं.’